पेटीचं तोंड

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत बसलो होतो, पण चौथीच्या मास्तरांचं आणि माझं पटेना, आणि दोघांपैकी शाळा सोडायची मुभा मला एकट्यालाच होती. तेव्हापासून मला शिकवायला येणाऱ्या माणसाकडं मी जरा वाकड्या नजरेनंच बघतो. आता म्हातारपणी शिकवणारं माणूस घरातच आलं, आणि तेही सून म्हणून. सुनेच्या अंगावर पाटी फेकून पळून जायची सोय नसते.

आमचं मूळ गाव वडूजकडचं, कोरडवाहू. तरणा असताना मी तासगावला आलो, लोकांच्या बेदाण्याच्या शेडवर राबलो आणि पुढं स्वतःची शेड घातली. द्राक्षं जाळीवर पसरायची, वाळली की झाडून काढायची, काड्या मोडायच्या, बेदाणा निवडायचा, पेटीत भरायचा. यात न कळण्यासारखं काय आहे? बेदाणा तळहातावर घेऊन दोनदा हलवला की तो कुठल्या शिवारातला, किती उन्हाचा, हे मी सांगतो. समोरच्याला खरं-खोटं करता येत नाही, त्यामुळं मी आजवर चुकलेलो नाही.

सून सांगलीची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, आणि लग्नाआधी साताऱ्याला एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात होती. मी विचारलं, “तिथं काय करायचीस?”

“कारखान्यात जे बनतंय ते रोज सारखंच बनतंय का, ते बघायचं, आबा.”

“एवढ्याला पगार? आमच्या हिनं जन्मभर आमटी सारखीच केली, तिला कुणी पगार दिला न्हाई.”

आत स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. हे पातेलं पुढं पुन्हा येणार आहे.

आता आमचा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सौद्याला पेट्या मांडल्या की व्यापारी येतो, पेटीत मूठ घालतो, वरचा बेदाणा डोळ्यांपुढं धरतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि उरलेले खाली भिरकावतो. सगळा भाव त्या एका मुठीवर ठरतो. म्हणून पेटी भरताना आम्ही वरच्या थराला लांब, सोनेरी, देखणे दाणे लावतो. त्याला मी पेटीचं तोंड म्हणतो. कुणी याला फसवणूक म्हणेल, तर त्यानं आधी स्वतःच्या घरात बघावं. पाहुणा आला की फाटकी वाकळ आत जाते आणि नवी सतरंजी बाहेर येते. व्यापाऱ्यालाही तोंड ठाऊक असतं, आम्हालाही त्याला ठाऊक आहे हे ठाऊक असतं. मूठ घालताना तो हसतो, आम्हीही हसतो. याला रीत म्हणतात.

सुनेला ही रीत नको होती आणि सौदाही नको होता. तिनं एका मोठ्या कंपनीशी बोलणं लावलं. ती कंपनी बेदाणे घातलेले गोड पाव करते. त्यांचा तपासनीस येणार, माल बघणार, आणि पास झाला तर दर हंगामाला आमच्याच शेडचा बेदाणा उचलणार. त्याच सुमाराला साताऱ्याच्या कारखान्यातनं तिला परत बोलावणं आलं. जेवताना तिनं सरळ सांगून टाकलं, “आबा, माल पास झाला तर मी इथंच शेड बघते. नापास झाला तर आम्ही दोघं साताऱ्याला जातो. लपवून काय करायचं?”

दोघं म्हणजे ती आणि आमचा मुलगा. मुलगा भाकरीकडं असा बघत होता, जसं काही भाकरीनंच हे सांगितलं.

मी म्हटलं, “जावा की. रस्ता हाय, यष्टी हाय.”

बोललो खरा, पण मनात हिशेब चालू झाला. मोठी शेड आणि दोन म्हातारी माणसं, एवढीच बाकी उरणार होती. तेवढं गणित तिसरीतही येतं.

मग तपासनीस यायच्या आधी तिनं मला तयार करायला घेतलं. ओट्यावर मी अडकित्ता घेऊन बसायचो, ती समोर परात घेऊन गहू निवडायची आणि शिकवणं चालायचं.

पहिल्या दिवशी सरासरी. मी म्हटलं, “सरासरी मला म्हाईत हाय. सगळ्यांची मिळवणी करायची, माणशी वाटायची.”

“मग सांगा. म्हसवडची एक गाडी तासभर आधी निघून गेली आणि दुसरी तासभर उशिरा आली. सरासरी काय?”

“दोन्ही येळेवर.”

“आणि स्टँडवर उभा होता तो माणूस?”

त्या स्टँडवर माझी हयात गेली आहे. सरासरी हा यष्टीच्या साहेबाचा शब्द आहे, प्रवाशाचा नव्हे, एवढं मला पटलं. पुढं मी स्वतःच एक जोडलं. साखर कारखान्याचा चेअरमन आणि त्याचा गडी शेजारी शेजारी उभे केले, तर सरासरीनं दोघंही बागायतदार. गड्याला ही बातमी अजून कुणी दिलेली नाही.

दुसरा धडा विचलनाचा. शब्द ऐकून मला वाटलं, हे काहीतरी पोटाचं दुखणं असणार. पण ती म्हणाली, “चौकातल्या दोन हॉटेलांतनं तुम्ही कुठला चहा पिता?”

“पिंपळाखालचा.”

“चांगला असतो?”

“कसला चांगला! पाणीच आसतं. पर रोज तेवढंच पाणी आसतं. पलीकडचा एक दिवस अमृत करतो, दुसऱ्या दिवशी भांडी धुतल्यागत.”

“म्हणजे तुम्ही चांगला चहा सोडून सारखा चहा पिता. कंपनी पण तुमच्यासारखीच आहे, आबा. तिला खूप चांगलं नको, रोज तेवढंच पाहिजे. पावाच्या यंत्रात ठरल्या मापाचा दाणा जातो. मोठा आला की अडकतो, बारीक आला की पावात दिसतच नाही.”

हे मला आवडलं नाही. जन्मभर चांगला माल करायचा आणि शेवटी पिंपळाखालचा चहा व्हायचं?

तिसऱ्या धड्याला मी तयारीत होतो. नमुना म्हणाली, तर मी लगेच म्हटलं, “शितावरनं भाताची परीक्षा. हे तुझ्या पुस्तकाच्या आधीपासनं हाय.”

“कुठलं शीत?”

“कुठलं म्हंजे? हाताला लागंल ते.”

“तळाला करपलेला आणि वर कच्चा असला तर? आधी ढवळायला पाहिजे. आणि शीत डोळे झाकून काढायला पाहिजे. तुम्ही बघून निवडलंत की परीक्षा संपली.”

“उघड्या डोळ्यांनी निवडलेलं वाईट आणि आंधळ्यागत काढलेलं चांगलं? हे कुठलं शास्तर?”

ती गहू निवडायची थांबली. “तुम्ही मला बघायला सांगलीला आलात ना? ती साडी माझ्या मावशीची होती. पोहे शेजारच्या काकूंनी केले होते. मी खाली मान घालून बसले होते, तेवढ्यावर तुम्ही आत्यांना म्हणालात, पोरगी गरीब हाय. नमुना निवडून दाखवला की असं होतं.”

आत्या म्हणजे माझी बायको. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. आतून आत्यांचा आवाज आला, “आवं, त्ये पोहे बाकी झ्याक हुते!”

“तेच सांगते ना, आत्या. पुन्हा कधी मिळाले का?”

चौथा धडा मात्र मी विसरणार नाही, कारण तो आमच्या घरावरच होता. ती म्हणाली, कुठलीही गोष्ट रोज थोडी वर, थोडी खाली होतेच. त्यावर उड्या मारायच्या नाहीत. एक वरची रेघ आणि एक खालची रेघ मारून ठेवायची. रेघांच्या आत नेहमीचा चढउतार. रेघ ओलांडली की थांबायचं आणि कारण शोधायचं.

“म्हंजे कसं?”

ती आवाज उतरवून म्हणाली, “आत्या रोज एकदा पातेलं आपटतात. तो नेहमीचा चढउतार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण परवा पातेलं आणि वर झाकणी, दोन्ही आपटली. ती रेघेच्या बाहेर. मग कारण शोधायचं.”

“कारण काय हुतं?”

“तुम्ही त्यांच्या भावाला पाहुण्यांसमोर ठोंब्या म्हणालात.”

इतकी वर्षं मी रोजच्या पातेल्याचं कारण शोधत होतो आणि झाकणीकडं लक्षच दिलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या विषयात काहीतरी आहे. अर्थात मी तसं बोललो नाही. विद्यार्थी लगेच मान हलवायला लागला की मास्तर चढतो.

शेवटी तिनं एकच बजावलं. “आबा, पेट्या भरून झाल्यात. सगळा माल एका मापाचा चाळून घेतलाय. आता कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.”

तपासनीस यायच्या दिवशी सकाळी सून आणि मुलगा त्याच्या मोटारीला रस्ता दाखवायला सांगलीला गेले. मी शेडमध्ये आलो. पेट्या ओळीनं मांडलेल्या. एक उघडून बघितली. बेदाणा स्वच्छ, कोरडा, पण तोंडच नाही! वर जसा तसा खाली. बिनकुंकवाच्या कपाळागत. अशा पेटीकडं बघून कोण पास करणार? आणि पास झाली नाही की साताऱ्याची गाडी.

माझ्याकडं कोपऱ्यात माझ्या स्वतःच्या बागेतला बेदाणा ठेवला होता. लांब सडक, सोनेरी, उजेडात धरला तर आरपार दिसावा असा. तसा माल दर साली होत नाही. मी निवडणाऱ्या बायकांना हाक मारली. म्हटलं, “चला, तोंडं लावा.”

त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आबा, वैनीनं सांगितलंया, हात लावायचा न्हाई.”

“वैनी सांगंल. पेट्या कुणाच्या?”

“पेट्या तुमच्या. शिव्या आमच्या.”

“मी खाईन शिव्या. चल.”

“तुमास्नी कोण देतंय? तुमी आपलं पान खाऊन बसणार.”

असं बोलत बोलत तिनंच सगळ्यांत सुंदर तोंडं लावली. हात सवयीचा असतो. सून यायच्या आत एकूण एक पेटी नटली. मी मनात म्हटलं, आता कुठनंबी मूठ घाल म्हणावं. सुनेनं शिकवलेलं सगळं मला आठवत होतं, नाही असं नाही. पण माणूस मूठ घालणार म्हणजे वरूनच घालणार. खालून घालायला तो काय उंदीर आहे?

तपासनीस पुण्याकडचा निघाला. बारीक अंगाचा, चष्मेवाला, बोलणं अगदी इस्त्रीचं. चहा दिला तर अर्धा प्याला. पेट्यांवर नजर टाकून म्हणाला, “वा, दिसायला फारच छान आहे.”

मी सुनेकडं बघितलं. ती पेट्यांकडं बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. ती काही बोलणार तेवढ्यात तपासनिसानं मोबाईल काढला. मोबाईलनंच त्याला आकडे सांगितले आणि त्या आकड्यांच्या पेट्या त्यानं बाजूला काढल्या. त्याला आवडतील त्या नव्हे, मला आवडतील त्याही नव्हे. मग त्यानं मूठ घातलीच नाही! पेटी उचलून कापडावर आख्खी पालथी केली. माझ्या डोळ्यांदेखत तोंड खाली गेलं आणि बूड वर आलं. थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेतलं, एकात एक बसणाऱ्या चाळण्यांतनं गाळलं, वजन केलं, मोबाईलवर टिपलं. दुसरी पेटी, तिसरी पेटी, तेच.

शेवटी तो सुनेला म्हणाला, “मॅडम, सरासरी उत्तम आहे. आम्ही मागितली त्याच्यापेक्षा चांगली.”

मी मिशीवर हात नेला.

“पण माल घेता येणार नाही.”

हात मिशीवरच राहिला.

“का म्हून?” मी पुढं झालो. “चांगल्यापरीस चांगला हाय, तर घेता का येत न्हाई?”

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर दोन उंचवटे होते, मध्ये खड्डा. मला काही कळेना. तेव्हा सून हळूच म्हणाली, “आबा, खळ्यावर धान्य एका जागेवरनं ओतलं की रास कशी पडते?”

“मधी उंच, दोन्ही अंगाला उतार.”

“एकच रास पडते ना? आणि दोन राशी कवा पडतात?”

ती ‘कवा’ म्हणाली. सांगलीची पोरगी आमच्यागत बोलली, म्हणजे जीव कासावीस झाला होता.

मला उत्तर येत होतं. दोन पोत्यांतनं ओतलं की दोन राशी पडतात. वडूजच्या खळ्यावर मी लहानपणी राशी केल्या आहेत. लांबून बघून सांगायचो की ही एकाच्या रानातली नव्हे. आणि ही माझ्या शेडमधली दुसरी रास तर मला नावानिशी ठाऊक होती. माझ्याच बागेची होती.

“दोन मालाच्या,” मी म्हटलं.

“तोंड लावलंत?”

“पाहुणा येणार म्हटल्यावर...”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तपासनिसाकडं वळली आणि घडलं ते सांगून टाकलं. वरचा थर आज सकाळी लावलाय, खालचा माल एकाच मापाचा आहे. तो चष्मा पुसत म्हणाला, “मला कवठ्याकडं आणखी एक शेड बघायची आहे. परत जाताना याच रस्त्यानं जाईन. तोवर वेगळं झालं तर पुन्हा नमुने काढतो. नाहीतर मला नापास लिहावं लागेल.”

जाता जाता मला म्हणाला, “काका, चांगला माल घालून नापास झालेली ही मी पाहिलेली पहिलीच शेड.”

त्याची मोटार फुफाटा उडवत गेली. सून ओढणी खोचून पहिल्या पेटीपाशी बसली आणि सोनेरी दाणे काढायला लागली. मुलगाही बसला. पण वरचा थर हलून खालच्यात मिसळला होता. कुठला दाणा घातलेला आणि कुठला मूळचा, हे ओळखायला तिला चाळणी लागत होती.

मला लागत नव्हती. तेवढं मात्र मी सांगणार. मी मांडी घातली आणि हात चालवायला लागलो. तेवढ्यात आमची जुनी बाई म्हणाली, “काय आबा, सकाळी घातलेलं काजळ दुपारीच पुसायचं व्हय?”

“गप काम कर.”

“करत्या की. नवरीचा साज उतरवायला वरमायेनंच बसायचं आसतंय.”

सगळ्या बायका हसल्या. सून पण हसली, आणि त्या हसण्यानं मला जरा बरं वाटलं. जन्मात मी तोंड न लावता पेटी धाडली नव्हती, आणि आता माझ्याच हातानं एकेक पेटी बोडकी करत होतो. मांडीला मुंग्या आल्या तरी उठलो नाही. उठलो असतो तर वाटलं असतं, सुनेसाठी बसलाय. मी आपलं कामासाठी बसलो होतो.

मोटार परत आली तेव्हा शेवटच्या पेट्या चालल्या होत्या. त्यानं पुन्हा मोबाईलला आकडे विचारले, पुन्हा पेट्या पालथ्या केल्या. चाळण्या हलायला लागल्या तशी सून ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मुलगा बाहेर जाऊन उगाच ट्रॅक्टरचं टायर दाबून बघत होता. मी खांबाला टेकलो होतो. पडद्यावर उंचवटा उठला. एकच. मधी उंच, दोन्ही अंगाला उतार.

“पास,” तो म्हणाला. “माल मध्यम आहे, पण एकसारखा आहे.”

मध्यम! सौद्यात कुणी हा शब्द माझ्या पेटीला लावला असता तर मी त्याला पुन्हा शेडची पायरी चढू दिली नसती. आणि इथं त्या मध्यमवर सगळे पेढा मिळाल्यागत हसत होते. दिवस असे आलेत. चांगला बेदाणा यंत्रात अडकतो. चांगला माणूस कुठं अडकतो ते मी सांगत नाही, आमच्याकडं निवडणूक जवळ आली आहे.

त्या काढलेल्या सोनेरी बेदाण्याचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकतो. तो सगळा मी निराळ्या पेट्यांत भरला आणि सौद्याला नेला. तोंडापासून बुडापर्यंत एकच माल. व्यापाऱ्यानं मूठ घातली, बघितलं, हसला. मग कोपरापर्यंत हात घातला. खालीही सोनं. मग पार तळाला गेला आणि माझ्याकडं संशयानं बघून म्हणाला, “आबा, खरं सांगा, ह्याच्या खाली काय हाय?”

“पुठ्ठा,” मी म्हटलं.

त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. अशा माणसांना सुनेकडं शिकायला पाठवलं पाहिजे. कुत्रं जावयावर भुंकतं आणि चोरापुढं शेपूट हलवतं, याला तिच्या शास्त्रात दोन निरनिराळ्या चुका म्हणतात आणि दोन्हीला निरनिराळी नावं आहेत. नावं मी विसरलो. कुत्री ओळखतो.

पण पास झालो त्या संध्याकाळचं राहिलंच. तपासनीस गेला. सुनेनं साताऱ्याला फोन लावला आणि ओट्यावर उभी राहून, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगितलं की मी काही येत नाही. मी अडकित्ता उघडून बसलो होतो. सुपारी कातरायची राहून गेली.

तेवढ्यात आत पातेलं आपटलं. त्याच्यामागनं झाकणी. त्याच्यामागनं उलथनं.

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मी सुनेकडं. “रेघेच्या भाईर गेलं,” मी म्हटलं.

“कारण शोधायला पाहिजे,” ती म्हणाली.

दोघं उठून दारापाशी गेलो. बायको चुलीपुढं पदरानं डोळे पुसत होती आणि कढईत रवा परतत होती. आमची चाहूल लागल्यावर तिनं मागं न बघताच विचारलं, “आवं, शिऱ्यात कुठला बेदाणा घालू? वरचा का खालचा?”